सेरेंडिपिटी: सिंहलद्वीपाचे तीन राजपुत्र आणि एक हरवलेला उंट

खानापूरकडच्या एका शिक्षिकेने विचारलंय की मुलांच्या इंग्रजीच्या धड्यात 'सेरेंडिपिटी' हा शब्द आला, डिक्शनरीत त्याचा अर्थ 'सुखद योगायोग' असा दिलाय, त्यावर एका पोराने उठून विचारलं की मग लॉटरी लागली तर ती पण सेरेंडिपिटी का, आणि बाईंना पटकन उत्तर सुचेना. हा शब्द आला कुठून आणि मराठीत नेमकं काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

बाई, पोरगं हुशार आहे, त्याने बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. लॉटरी लागली तर ती सेरेंडिपिटी नाही, कारण एक तर तिकीट घेतानाच पैसे लागावेत अशी इच्छा होती म्हणजे शोधत होतो तेच मिळालं, आणि दुसरं म्हणजे त्यात तुमची काही अक्कल लागली नाही. या शब्दाला दोन पाय आहेत, अपघात आणि चाणाक्षपणा. डिक्शनरीवाले घाईत दुसरा पाय तोडून टाकतात. मी बेळगावात बरीच वर्षं मोडी वाचून द्यायचं आणि कन्नड-मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करतोय, कोर्टाचे कागद, जुने उतारे, वतनाची पत्रं हे रोजचंच, त्यामुळे हा तुटलेला पाय मला जरा जास्तच खटकतो. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

शब्द घडवला होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज माणसाने. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणतात तो रॉबर्ट वॉल्पोल, त्याचा हा मुलगा, पैसा भरपूर, जुन्या वस्तू आणि चित्रं गोळा करायचा नाद आणि पत्रं लिहायचं तर व्यसनच. त्याचा मित्र होरेस मान हा इटलीत फ्लॉरेन्सला इंग्लंडचा वकील, म्हणजे राजदूत होता. गंमत म्हणजे १७४१ नंतर हे दोघं एकमेकांना परत कधी भेटलेच नाहीत, खरं पत्रव्यवहार चाळीसेक वर्षं चालला. तर या मानने वॉल्पोलला बियांका कापेल्लो या बाईचं एक चित्र पाठवलं होतं, आणि वॉल्पोलला व्हेनिसच्या एका जुन्या पुस्तकात कापेल्लो घराण्याचं चिन्ह बघताना त्यात निळ्या गोळ्यावर एक फूल दिसलं, त्यावरून त्याने ताडलं की हे फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याशी सोयरीक झाल्यावर मिळालेलं दिसतंय. हे कळवायला २८ जानेवारी १७५४ ला त्याने मानला पत्र लिहिलं आणि त्यात म्हणाला की असल्या शोधाला मी सेरेंडिपिटी म्हणतो. (आमच्या मोडी कागदांच्या हिशोबाने हे साल सुहूर सन आर्बा खमसैन मया व अलफ, म्हणजे ११५४, पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशवे होते. या कालगणनेतले आकडे सगळे अरबी आहेत आणि आपले मराठी कारकून ते बिनदिक्कत लिहायचे, हे लक्षात असू द्या कारण शब्द कुठून कुठे फिरतात तेच आता सांगायचंय.)

पुढे त्याने खुलासा केलाय. मी एकदा एक वेडगळ परीकथा वाचली होती, म्हणतो, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची, हे राजपुत्र प्रवासात सारखे असले शोध लावायचे, 'अपघाताने आणि चाणाक्षपणाने', आणि ते सुद्धा ज्यांच्या शोधात ते नव्हतेच अशा गोष्टींचे. लगेच एक अट पण घातलीय त्याने, की तुम्ही जे शोधत होता तेच सापडलं तर ते यात धरायचं नाही. म्हणजे जन्मतारखेसकट, व्याख्येसकट, अटीसकट शब्द हातात आलाय. एवढं भाग्य फार थोड्या शब्दांना मिळतं, नाहीतर शब्दाचा बाप कोण हे शोधण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं.

आता सेरेंडिप म्हणजे कुठलं गाव? तर आपलं सिंहलद्वीप, श्रीलंका. सिंहलद्वीप, पालीत सीहलदीप, अरबी-फारसी खलाशांच्या तोंडी सरंदीब, तिथून इटालियनमध्ये सेरेंदिप्पो आणि इंग्रजीत सेरेंडिप. सिलोन हे नाव पण त्याच सिंहलाचं, फक्त ते दुसऱ्या वाटेने गेलं. आपल्याकडे पद्मिनीच्या गोष्टीतलं सिंहलद्वीप सगळ्यांना माहीत असतं, खरं इंग्रजी शब्दात तेच लपून बसलंय हे सांगितलं की वर्गातली मुलं एकदम सरसावून बसतात, करून बघा.

आणि गोष्ट तरी कुठली? वॉल्पोलने वाचली ती पश्चिमेतलीच आवृत्ती, मूळ इटालियन पुस्तक १५५७ ला व्हेनिसमध्ये छापलं गेलं, त्यावर लिहिलंय की क्रिस्तोफोरो आर्मेनो नावाच्या कुणी फारसीतून उतरवलं. १७१९ ला ती फ्रेंचमध्ये गेली आणि १७२२ ला इंग्रजीत. खरं त्याआधी साधारण १३०२ च्या सुमारास आपल्या दिल्लीच्या अमीर खुस्रोने फारसीत 'हश्त बिहिश्त' लिहिलं त्यात हे सरंदीबचे राजपुत्र आणि त्यांचा उंट दोन्ही आहेत. म्हणजे नाव सिंहलद्वीपाचं, गोष्ट दिल्लीत लिहिलेली, छपाई व्हेनिसची आणि शब्द लंडनचा. उंटाची गोष्ट तर त्याहून जुनी आहे, अरबांत आणि ज्यूंच्या परंपरेत पण तिची भावंडं सापडतात.

गोष्ट थोडक्यात सांगतो, मुलांना सांगायला बरी पडेल. राजाने तिन्ही मुलांना चांगलं शिकवलं आणि मग जग बघून या म्हणून बाहेर काढलं. वाटेत एक उंटवाला भेटला, त्याचा उंट हरवलेला. तिघांनी विचारलं, तुझा उंट एका डोळ्याने आंधळा होता का, दात एक पडलेला होता का, पायाने लंगडा होता का? तो म्हणाला होय की! मग म्हणाले एका बाजूला लोणी आणि दुसऱ्या बाजूला मध लादला होता आणि वर एक गरोदर बाई बसली होती. हे ऐकून उंटवाल्याला खात्रीच पटली की यांनीच चोरलाय, नेऊन बादशहापुढे उभं केलं. तिथे तिघांनी सांगितलं की आम्ही उंट बघितलेलाच नाही. रस्त्याच्या ज्या बाजूला गवत चांगलं होतं ती बाजू सोडून त्याने खराब बाजूचं खाल्लं होतं म्हणजे त्या डोळ्याने दिसत नसणार. चघळलेल्या गवताचे दाताएवढे बोळे पडले होते. तीन पावलं नीट उमटली होती आणि चौथा पाय फरफटत गेला होता. एका बाजूला मुंग्यांची रांग, दुसऱ्या बाजूला माश्या. आणि बाई जिथे उतरली तिथे उठताना दोन्ही हात जमिनीला टेकल्याच्या खुणा होत्या. तेवढ्यात उंट दुसरीकडेच सापडला, तिघं सुटले, आणि बादशहाने त्यांना आपल्याजवळच ठेवून घेतलं. हा बादशहा म्हणजे इराणचा बहराम.

आता इथे एक गोची आहे. वॉल्पोलने पत्रात उंटाचं खेचर केलंय, आठवणीतून लिहिलं असणार. ते सोडा, खरं नीट बघा, राजपुत्रांनी कुठे काय अपघाताने 'शोधलं'? ही तर सरळ गुप्तहेरगिरी झाली, खुणा बघितल्या आणि अंदाज बांधला. व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने १७४७ मध्ये हीच युक्ती उचलून आपल्या नायकाला न बघितलेल्या कुत्रीचं आणि घोड्याचं वर्णन करायला लावलं, आणि पुढच्या सगळ्या गुप्तहेरकथांची आजी तीच असं म्हणतात. म्हणजे शब्द ज्या गोष्टीवरून आला त्या गोष्टीत चाणाक्षपणा पोतंभर आणि अपघात चिमूटभर, आणि आज आपण शब्द वापरतो तो बरोबर उलटा, अपघात पोतंभर आणि चाणाक्षपणा नावाला. माझ्या मते वॉल्पोलला मनातून जे म्हणायचं होतं ते उंटापेक्षा त्याच पत्रातल्या दुसऱ्या उदाहरणात जास्त नीट आलंय, आणि ते उदाहरण कुणी सांगतच नाही.

ते असं. लॉर्ड शाफ्ट्सबरी एकदा लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडनच्या घरी जेवायला गेला. क्लॅरेंडनची मुलगी अ‍ॅन हाइड, तिचं राजाच्या भावाशी, ड्यूक ऑफ यॉर्कशी, गुपचूप लग्न झालेलं, कुणाला पत्ता नाही. शाफ्ट्सबरी जेवायला गेलेला, लग्न शोधायला नव्हे. खरं ताटावर बसल्या बसल्या त्याने बघितलं की आई आपल्या पोटच्या मुलीशी फार अदबीने वागतेय, आणि त्यावरून त्याने ओळखलं की या पोरीचं लग्न राजघराण्यात झालंय! आपल्याकडच्या कुठल्याही आत्याबाईला हे उदाहरण समजावून सांगावं लागणार नाही. पंगतीत कोण कुणाला आधी वाढतंय, कुणाच्या ताटात तूप सढळ पडतंय, कोण कुणाला 'अहो' म्हणायला लागलंय, यावरून निम्म्या गावाच्या सोयरिकी ओळखणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी बघितल्यात. जेवायला जाणं हा अपघात आणि ताटावरून लग्न ओळखणं हा चाणाक्षपणा. मुलांना उंटाच्या आधी हे सांगा.

शब्दाचं पुढचं नशीब पण विचित्र. पत्र खाजगी, ते १८३३ मध्ये छापून आलं, तोवर ऐंशी वर्षं शब्द पेटीतच. छापल्यावर पण कुणी फार हात लावला नाही. १८७५ मध्ये एडवर्ड सॉली नावाच्या पुस्तकवेड्याने एका नियतकालिकात त्याच्याकडे लोकांचं लक्ष वेधलं, मग जुनी पुस्तकं गोळा करणाऱ्या मंडळींत तो फिरत राहिला आणि विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी उचलला. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर लिहिलं, रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने तर शब्दाचा अख्खा इतिहास लिहून काढला. तिथून पुढे जाहिरातवाल्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या आणि प्रेमकथावाल्यांच्या हातात गेला आणि एक पाय तुटला तो तिथे.

शास्त्रातली उदाहरणं म्हटलं की सगळे पेनिसिलीनच सांगतात, १९२८, फ्लेमिंग सुट्टीवरून आला, बशीत बुरशी, भोवतीचे जंतू मेलेले. बरोबर आहे, फक्त एवढं जोडा की याच माणसाला काही वर्षं आधी लायसोझाइम हा जंतू विरघळवणारा पदार्थ सापडलेला होता, त्यामुळे 'जंतू विरघळलेत' हे दिसायला डोळे आधीच तयार होते. दुसऱ्या कुणी बशी धुवून टाकली असती. लुई पाश्चरने १८५४ मध्ये एका भाषणात हेच सांगितलं होतं की निरीक्षणाच्या कामात नशीब साथ देतं ते तयार मनालाच.

मला स्वतःला पर्किनचं उदाहरण जास्त आवडतं, आणि आमच्या शहापूर-वडगावातल्या विणकरांच्या पोरांना तर तेच सांगावं. १८५६ साल, विल्यम पर्किन अठरा वर्षांचा, कॉलेजला सुट्टी पडलेली, घरच्या छोट्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून क्विनाइन करायला बसलेला, म्हणजे हिवतापाचं औषध. औषध काही झालं नाही, काळा चिकट राडा झाला. भांडं धुवायला अल्कोहोल घातलं तर जांभळा रंग उतरला. इथवर अपघात. आता पोराने काय केलं, तो रंग रेशमाला लावून बघितला, धुतल्यावर जातो का, उन्हात उडतो का ते तपासलं, त्याच वर्षी पेटंट घेतलं आणि कृत्रिम रंगांचा धंदा जगात सुरू झाला. काळा राडा त्याच्या आधी कितीतरी रसायनवाल्यांनी मोरीत ओतला असेल. आज साडीला जो रंग लागतो त्याच्या मूळपुरुषाचा जन्म फसलेल्या हिवतापाच्या औषधातून झालाय हे विणकराच्या घरात सांगण्यासारखं आहे की नाही?

वॉल्पोलची अट कडक लावली तर मात्र बरीच प्रसिद्ध उदाहरणं गळतात. गुडइयरने गंधक मिसळलेलं रबर चुकून गरम जागी टेकवलं आणि ते टिकाऊ झालं, होय, खरं तो वर्षानुवर्षं रबर टिकाऊ करायचीच खटपट करत होता. आर्किमिडीज टबात बसला तेव्हा मुकुटाचाच विचार डोक्यात होता. दोन्हीकडे अपघाताने रस्ता दाखवला, जायचं ठिकाण आधीच ठरलेलं. मी एवढा सोवळा नाही, चालवून घेतो, खरं मुलांना फरक सांगावा.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर रॉबर्ट ब्रूस फूट. भूगर्भ खात्यात नोकरीला होता, काम दगडांचे थर नोंदवायचं. मे १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला एका खड्ड्यात त्याला हाताएवढा एक घडवलेला दगड दिसला आणि त्याने ओळखलं की हे अश्मयुगीन माणसाचं हत्यार आहे. ज्याला दगड बघायचा पगार मिळतो त्याला दगडच दिसणार म्हणाल, खरं नुसता दगड आणि माणसाने टवके काढलेला दगड यातला फरक दिसायला नजर लागते, आणि युरोपात त्या काळात नुकताच हा विषय गाजत होता ते त्याला ठाऊक होतं. पुढे तो आपल्याकडे आला, मलप्रभा-घटप्रभेचं खोरं पायाखाली घातलं, तिथे पण हत्यारं मिळाली आणि गोकाकजवळ चिकदौलीला तर गेंड्याच्या हाडांचे अवशेष मिळाले, त्याचं वर्णन १८७४ मध्ये छापलंय. गोकाकला गेंडा! तिथली करदंट मिठाई खाताना आठवण ठेवा. तसंच तुमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीचं. तिथे जमिनीतून कदंबांचे ताम्रपट निघाले, निघताना ते नुसते तांब्याचे पत्रे होते, फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने वाचून छापले तेव्हा त्यातून काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा असे राजे उभे राहिले. कुदळ लागली तो अपघात, आणि वाचता येणारा माणूस मिळाला नसता तर पत्रे तांबटाकडे वितळायला गेले असते.

आता माझ्या कामातलं एक सांगतो. निपाणीकडचे एक वयस्कर शेतकरी जुन्या कागदांचा रुमाल घेऊन आले होते, भाऊबंदकीचा दावा, त्यांना पणजोबांच्या नावावर एक तुकडा होता याचा पुरावा पाहिजे होता. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरूने सलग लिहित सुटायचं, त्यामुळे वाचताना ओळीत बुडून जावं लागतं. मधेच एक खर्चाची याद निघाली. मी म्हटलं, "मामा, ही कसली?" तर म्हणाले, "सोडा हो ती, लग्नाच्या बाजाराची यादी आहे, गूळ हाय बघा तिच्यात. आमचा आजा पण तसंच म्हणायचा." गूळ होताच. खरं गुळाच्या खाली हिरडा होता, त्याच्या खाली चुना, मग ताग, आणि वडारांची मजुरी. लग्नात एवढा हिरडा कोण खातंय? चुना मळायच्या घाण्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे, त्याने बांधकाम घट्ट धरतं, तागाचे धागे पण त्यासाठीच. म्हणजे हा बाजार नव्हता, बांधकाम होतं. शेवटच्या ओळीला कसर लागलेली, तरी 'बारवेचे पायरीस' एवढं लागलं. मी वाचून दाखवलं तसे मामा गप्प झाले आणि म्हणाले, "आमच्यात एका तुकड्याला बारवेचा तुकडा म्हणतात, खरं बारव कुणीच बघितलेली नाही." नंतर त्यांनी त्या खळग्यातला राडारोडा काढला तर वरच्या पायऱ्या लागल्या. पणजोबांच्या नावाचा कागद काही त्या रुमालात निघाला नाही, आणि पायऱ्यांचा दाव्याला उपयोग नाही असं वकिलांनी सांगितलं. अपघात, चाणाक्षपणा आणि न शोधलेलं सापडणं, वॉल्पोलच्या तिन्ही अटी यात बसतात.

राहिलं मराठीत काय म्हणायचं ते. योगायोग म्हणू नका, दोन मित्र एकाच बसमध्ये भेटले तर तो योगायोग, त्यात डोकं लागत नाही. घबाड म्हणजे नुसता पैसा. संस्कृतातून आलेला काकतालीय न्याय आहे, कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ, तोही नुसता योगायोगच. माझ्या मते सगळ्यात जवळ जातो तो घुणाक्षर न्याय, लाकडातला किडा कोरत जातो आणि अक्षर उमटतं. किड्याला बिचाऱ्याला लिहायचं नव्हतं. खरं तिथे अक्षर आहे हे कुणाला कळणार, तर ज्याला वाचता येतं त्यालाच, आणि न्यायात या वाचणाऱ्याला जागाच दिलेली नाही. म्हणून तो पण अर्धाच. काही लोक अवचितलाभ वगैरे घडवतात, छापायला ठीक आहे, तोंडात बसत नाही. मी भाषांतरात सरळ सेरेंडिपिटी ठेवतो आणि पहिल्यांदा येतो तिथे अर्धी ओळ खुलासा घालतो. शब्द अर्धा आपलाच आहे, परका मानायचं कारण नाही. याचा उलटा शब्द पण आहे, विल्यम बॉइड या कादंबरीकाराने १९९८ मध्ये घडवला, झेम्ब्लॅनिटी, म्हणजे नको ते हमखास वाट्याला येणं, नाव घेतलंय उत्तरेच्या बर्फाळ नोव्हाया झेम्ल्या बेटांवरून. पोरांना आवडेल, परीक्षेत येणार नाही.

परीक्षेत सेरेंडिपिटीचा अर्थ लिहायचा झाला तर मुलांना एवढं द्या: 'एक शोधताना, नजर तयार असल्यामुळे, न शोधलेली दुसरी चांगली गोष्ट हाती लागणं'. वर्गात कन्नड घरातली पोरं असतील तर 'आकस्मिक' हा शब्द त्यांच्याकडे पण चालतो, तेवढ्यावर अपघाताची बाजू समजते, नजरेची बाजू तुम्हाला फळ्यावर वेगळी लिहावी लागेल. आणि लॉटरीवाल्या पोराला विचारा की तिकीट घ्यायला गेलेल्या माणसाने दुकानात असं काय बघितलं पाहिजे म्हणजे ती सेरेंडिपिटी होईल. त्याचं उत्तर आलं की मला जरूर कळवा.